मॉडेल विमानातील इंजिनाची कंपने आणि सॉफ्ट माउंट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक परिसरातील जे मॉडेलर (रिमोटवर उडणारी छोटी विमाने बनवणारे हौशी) मेथॅनॉलवर चालणाऱ्या छोट्या ग्लो इंजिनावरून २० ते ३५ सीसीच्या पेट्रोल इंजिनाकडे वळतात, त्यांची पहिली तक्रार बहुधा कंपनांची असते. त्यावर ‘इंजिन आणि विमानाच्या मध्ये रबर घाला’, म्हणजेच सॉफ्ट माउंट बसवा, हा सल्लाही सगळीकडे मिळतो. मात्र कोणते रबर, किती मऊ आणि कुठे, हे ठरवल्याशिवाय घातलेले रबर कित्येकदा कंपने वाढवते. अर्धवट मऊ माउंटपेक्षा (इंजिन विमानाला धरून ठेवणारी बैठक म्हणजे माउंट) नीट आवळलेला कडक माउंट बरा, असे आमचे स्पष्ट मत आहे आणि पुढील उत्तरे त्याच भूमिकेतून लिहिली आहेत.

एका सिलिंडरचे इंजिन इतके का थरथरते? कारखान्यात ते बॅलन्स केलेले नसते का?

बॅलन्स केलेले असते, पण पूर्णपणे करता येत नाही. पिस्टन प्रत्येक फेरीत वर आणि खाली असा दोनदा थांबतो व उलट फिरतो, आणि त्याला थांबवण्यासाठी लागणारा जोर शेवटी क्रॅंककेसवर येतो. क्रॅंकशाफ्टवरील प्रतिभाराने हा जोर सिलिंडरच्या दिशेने पूर्ण खोडून काढला, तर क्रॅंक आडवी असताना तोच प्रतिभार इंजिनाला बाजूला ओढतो. म्हणून निर्माते साधारण निम्मा जोर खोडतात आणि उरलेला उभ्या-आडव्या दिशांत वाटून देतात. कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्याने फेरीच्या दुप्पट वारंवारतेचे आणखी एक लहान कंपन त्यात मिसळते.

याशिवाय प्रत्येक स्फोटाच्या वेळी प्रॉपेलरला जो पीळ मिळतो, त्याची प्रतिक्रिया म्हणून इंजिन उलट दिशेने वळू पाहते. टू-स्ट्रोकमध्ये हा झटका दर फेरीला बसतो, तर फोर-स्ट्रोकमध्ये दर दोन फेऱ्यांनी. मिनिटाला १२,००० फेऱ्या म्हणजे २०० हर्ट्झ आणि ७,००० फेऱ्या म्हणजे सुमारे ११७ हर्ट्झ, एवढे गणित लक्षात ठेवले तर पुढचे सगळे समजायला सोपे जाते.

कंपनांमुळे विमानात नेमके काय बिघडते?

सगळ्यात आधी इंधन. टाकीतील मेथॅनॉल आणि तेलाचे मिश्रण सतत हादरत राहिले की त्याला फेस येतो, फेसाचे बुडबुडे नळीतून कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचतात, मिश्रण लीन होते, म्हणजे त्यात इंधन कमी पडते, आणि इंजिन नेमके उभ्या चढणीत आचके देऊ लागते. अशा वेळी बहुतेक जण नीडल, म्हणजे इंधनाचे प्रमाण ठरवणारा स्क्रू, फिरवत बसतात, पण दोष नीडलचा नसतो. टाकीला चहूबाजूंनी स्पंज लावून ती लाकडी फॉर्मरला (सांगाड्यातील आडव्या फळीला) थेट टेकणार नाही अशी बसवली, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

त्यानंतर सर्व्हो, म्हणजे नियंत्रण पृष्ठभाग हलवणारी छोटी मोटर. सर्व्होतील स्थिती मोजणाऱ्या पोटेन्शिओमीटरचा ब्रश सरळ उड्डाणात एकाच जागी असतो आणि कंपनांमुळे तेवढीच जागा घासली जाते. काही महिन्यांनी सर्व्हो मध्यावर थरथरायला लागतो, मात्र टोकाला नेल्यावर ठीक चालतो. सर्व्होबरोबर येणारे रबरी ग्रोमेट आणि पितळी आयलेट यासाठीच असतात. आयलेटची पसरट कडा खाली, म्हणजे लाकडाच्या बाजूला यावी आणि स्क्रू आयलेटला टेकेपर्यंतच आवळावा. आयलेट उलटा घातला की त्याची धारदार बाजू लाकडात रुतते, स्क्रू आवळत जातो, ग्रोमेट चेपून कडक होतो आणि त्याचा काही उपयोग उरत नाही. पाच विमाने उघडून पाहिली, तर एखाद्यात तरी हे उलटे लावलेले आयलेट सापडतील.

बाकीचे बिघाड ओळखीचे आहेत. मफलरचे स्क्रू सैल होतात, बॅटरीच्या तारेचा सोल्डर तडकतो, स्विचचा संपर्क तुटतो, फायरवॉलचा (ज्या लाकडी भिंतीवर माउंट बसतो तिचा) इपॉक्सी तेलाने मऊ होऊन सुटतो. क्लेव्हिस (नियंत्रण-तारेच्या टोकाचे चिमटे) आणि हिंज झिजून शेपटीच्या नियंत्रण पृष्ठभागांत ढिलाई येते. ही ढिलाई सर्वांत धोकादायक, कारण वेगात त्यातूनच फडफड सुरू होऊ शकते आणि मग एलेव्हेटर तुटायला काही सेकंदही पुरतात.

मग सॉफ्ट माउंट लगेच बसवावा का?

नाही. आधी प्रॉपेलर आणि स्पिनर (प्रॉपेलरच्या मध्यावरची टोकदार टोपी) बॅलन्स करावेत, फायरवॉल तपासावी, माउंटचे बोल्ट पाहावेत आणि इंजिनाचे मिश्रण जुळवावे. एवढे केल्यावर बरीच विमाने सॉफ्ट माउंटशिवाय समाधानकारक चालतात. ४६ साइझचे (०.४६ घनइंच) ग्लो इंजिन, काचतंतूमिश्रित नायलॉनचा माउंट आणि साधे ट्रेनर विमान असेल, तर सॉफ्ट माउंटचा विचारही करू नये. तो खर्च चांगल्या बॅलन्सरवर करावा.

प्रॉपेलरमधील अर्ध्या ग्रॅमच्या फरकाने असे काय होणार?

हिशेब करून पाहावा. मिनिटाला १०,००० फेऱ्या चालू असताना केंद्रापासून १०० मिमी अंतरावर अर्धा ग्रॅम जास्त असेल, तर सुमारे ५५ न्यूटनचा ओढा निर्माण होतो. म्हणजे साडेपाच किलोचे वजन इंजिनाच्या शाफ्टला टांगल्यासारखे आहे, आणि तेही सेकंदाला सुमारे १६७ वेळा गोल फिरत. शंभर मिलिग्रॅमच्या फरकाने एक किलोहून थोडा जास्त ओढा येतो. एवढ्या जोरापुढे कोणताही माउंट शहाणा ठरत नाही.

बॅलन्सरवर प्रॉपेलर आडवा ठेवून जड पाते पाहणे सगळ्यांना माहीत असते. मात्र तो उभा ठेवूनही स्थिर राहतो का, हे फार थोडे लोक पाहतात. उभा ठेवल्यावर एकाच बाजूला वळत असेल, तर हबची एक बाजू जड आहे आणि तिथे दुसऱ्या बाजूला पातळ वार्निश किंवा सुपरग्लूचा थेंब लावून ते जुळवावे लागते. जड पात्याची मागची बाजू बारीक पॉलिश पेपरने घासावी. टोक कापू नये, आणि हबचे लाकूड किंवा नायलॉन कोरून वजन काढू नये, कारण तिथेच सर्वाधिक ताण असतो.

शाफ्टचे भोक ड्रिलने मोठे करण्याची सवय तर सोडलीच पाहिजे. ४० ग्रॅमचा प्रॉपेलर केंद्रापासून केवळ ०.३ मिमी सरकून बसला, तरी १०,००० फेऱ्यांना सुमारे १३ न्यूटनचा ओढा तयार होतो, म्हणजे बॅलन्सरवरची सगळी मेहनत वाया. यासाठी टप्प्याटप्प्याचा रीमर मिळतो आणि तो हाताने फिरवायचा असतो.

सॉफ्ट माउंट नक्की काय करतो? रबर कंपने शोषून घेते ना?

‘शोषून घेते’ हा समज अर्धाच खरा आहे. रबर थोडी ऊर्जा उष्णतेत बदलते, पण सॉफ्ट माउंटचे मुख्य काम वेगळे असते. तो इंजिनाला स्वतःच्या जडत्वावर थरथरू देतो आणि ती थरथर विमानापर्यंत पोहोचू देत नाही. रबरावर बसवलेल्या इंजिनाला एक नैसर्गिक वारंवारता असते, म्हणजे त्याला हलका धक्का देऊन सोडले तर ते ज्या गतीने डुलेल ती. इंजिन त्या वारंवारतेपेक्षा सावकाश फिरत असेल, तर रबर असून नसल्यासारखेच असते. दोन्ही वारंवारता जुळल्या की अनुस्पंदन होते आणि कडक माउंटपेक्षाही जास्त हादरे बसतात.

फायदा सुरू होतो तो इंजिनाची वारंवारता नैसर्गिक वारंवारतेच्या १.४१ पटीहून अधिक झाल्यावर. दुप्पट झाली की साधारण एक तृतीयांश जोर पलीकडे जातो आणि तिप्पट झाली की एक अष्टमांश. ही आदर्श स्प्रिंगची गणिते आहेत. प्रत्यक्ष रबरात अवमंदन असते, म्हणजे ते हालचाल थोडी दाबते, त्यामुळे अनुस्पंदनाचा कहर कमी होतो, पण वरच्या गतीला थोडे जास्त कंपन पलीकडे जाते.

यावरून दिसेल की दोन मिलिमीटरचा रबरी वॉशर घालून आवळलेला माउंट सॉफ्ट माउंट होत नाही. त्याची नैसर्गिक वारंवारता इतकी वर जाते की उड्डाणातील गती नेमकी अनुस्पंदनाच्या आसपास येते.

किती मऊ असावा, हे आकड्यांत सांगता येईल का?

इंजिन, माउंटची पुढची प्लेट, प्रॉपेलर आणि स्पिनर मिळून १.३ किलो वजन आहे असे धरू. हे साधारण ३० सीसीच्या आसपासच्या पेट्रोल इंजिनाचे चित्र आहे. उड्डाणात ६,६०० फेऱ्या म्हणजे ११० हर्ट्झ आणि आयडल, म्हणजे थ्रॉटल मिटवल्यावरची सर्वांत सावकाश गती, २,४०० फेऱ्या म्हणजे ४० हर्ट्झ. आयडलही फायद्याच्या बाजूला ठेवायचा, तर नैसर्गिक वारंवारता २८ हर्ट्झच्या वर जाता कामा नये. त्यासाठी माउंटच्या चारही बुशांचा (मधल्या रबरी गुटक्यांचा) मिळून कडकपणा मिलिमीटरला सुमारे ४० न्यूटन लागतो, म्हणजे एका बुशाला मिलिमीटरमागे १० न्यूटन, अर्थात जवळपास एक किलो.

हे घरी तपासता येते. एकच बुश व्हाइसमध्ये धरून, ज्या दिशेने त्यावर विमानात भार येणार आहे त्याच दिशेने एक किलो वजन टांगावे आणि व्हर्नियरने झोल मोजावा. रबर वेगाने हलवले की स्थिर भारापेक्षा कडक वागते, म्हणून मोजणीत नेमका एक मिलिमीटर न घेता सव्वा ते दीड मिलिमीटर झोल देणारे बुश निवडावेत. ११० हर्ट्झला गणिताप्रमाणे सात टक्केच जोर पलीकडे जायला हवा. प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट गेला तरी तक्रार करण्यासारखे काही नाही.

मग आणखी मऊ का नको? कारण माउंटला इंजिन धरूनही ठेवायचे असते. वरील उदाहरणात इंजिन नुसते बसल्यावर ०.३ मिमी खाली येते, पण सहा जीच्या (गुरुत्वाच्या सहापट भाराच्या) वळणात तोच झोल दोन मिमीजवळ पोहोचतो. नैसर्गिक वारंवारता २० हर्ट्झवर आणली, तर सहा जीमध्ये इंजिन पावणेचार मिमी सरकेल आणि स्पिनर काउलला (इंजिनावरच्या आवरणाला) घासेल. शिवाय आठ किलोचा थ्रस्ट इंजिनाला पुढे ओढत असतोच. म्हणून चांगला माउंट सगळ्या दिशांनी सारखा मऊ नसतो. पिळाच्या आणि सिलिंडरच्या दिशेने तो मऊ असतो, पुढे-मागे मात्र त्यामानाने कडक.

असा माउंट घरी बनवता येईल का? रबर कोणते घ्यावे?

येईल, आणि नाशिकमध्ये तो बनवण्याची सोय बऱ्याच शहरांपेक्षा चांगली आहे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत वाहनांचे सुटे भाग बनवणारे अनेक लहान उद्योग आहेत, त्यामुळे चार मिमीची ॲल्युमिनियम प्लेट कापून घेणे, लेथवर स्लीव्ह काढून घेणे किंवा धातूला चिकटवलेला रबरी बुश मिळवणे अवघड नाही. मात्र नुसते ‘मऊ रबर द्या’ असे सांगू नये. शोअर ए या रबराच्या कडकपणाच्या मापात ४० ते ५० चे, तेल-पेट्रोल सहन करणारे नायट्राइल रबर, असे स्पष्ट सांगावे.

नैसर्गिक रबराची लवचीकता सर्वांत चांगली असते, पण तेल आणि पेट्रोल लागले की ते फुगते. सिलिकॉन उष्णता आणि मेथॅनॉल उत्तम सहन करते, पण पेट्रोलमध्ये फुगून पिठूळ होते, म्हणूनच पेट्रोल इंजिनाला सिलिकॉनची इंधननळीही चालत नाही. दुकानदाराच्या सांगण्यावर विसंबण्यापेक्षा रबराचा एक तुकडा आपल्याच इंधनात दिवसभर बुडवून ठेवावा. तो आधीपेक्षा जाड आणि चिकट लागला, तर तो लॉट परत करावा.

रचना साधी असते. एक प्लेट फायरवॉलला, दुसरी इंजिनाला आणि मध्ये चार बुश. प्रत्येक बुशातून बोल्ट जातो, बोल्टवर धातूची स्लीव्ह असते आणि तिची लांबी बुशापेक्षा जेमतेम अर्धा मिमी कमी ठेवलेली असते. बोल्ट कितीही आवळला, तरी तो स्लीव्हवर थांबतो आणि रबर ठरल्याइतकेच दबते. जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरखालचे पाय उघडून पाहिले, तर हीच रचना आढळेल. बुश एकमेकांपासून जितके दूर ठेवाल, तितका प्रॉपेलरचा डोलारा आटोक्यात राहतो, पण पिळाच्या दिशेचा मऊपणा कमी होतो. जागेप्रमाणे यातला सुवर्णमध्य काढावा लागतो. शिवाय मागच्या प्लेटने बसवलेल्या इंजिनाचा गुरुत्वमध्य बुशांच्या बराच पुढे असतो, त्यामुळे ते नाक खाली टाकते. स्पर्धेच्या विमानांत इंजिनाच्या नाकाजवळ रबरी आधाराची एक कडी देतात, ती याचसाठी.

माउंट बसवला, पैसेही गेले, पण फरक काहीच नाही. असे का?

दहापैकी नऊ वेळा इंजिन कुठेतरी दुसऱ्या वाटेने विमानाला टेकलेले असते. रबर चुकवून जाणारी एक कडक वाट शिल्लक राहिली, तरी कंपने तीच वाट धरतात.

पहिली वाट म्हणजे खुद्द बोल्ट. रबराचे वॉशर दोन्ही बाजूंना आहेत, पण बोल्ट फायरवॉलच्या घट्ट भोकातून गेला आहे, अशी जोडणी फार वेळा दिसते. भोक बोल्टपेक्षा पुरेसे मोठे हवे आणि बोल्ट लाकडाला कुठेच लागता कामा नये. दुसरी वाट मफलरची. काउलच्या कापलेल्या कडेला मफलर टेकलेला असेल, तर तिथे घासल्याची काळी चकाकती खूण दिसते. मोठ्या कॅनिस्टरला (लांब नळकांड्यासारख्या मफलरला) हेडरपाशी, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या एक्झॉस्ट नळीपाशी, लवचीक जोड हवा, आणि कॅनिस्टर धरणारी पट्टी रबरी असावी. तिसरी वाट थ्रॉटलच्या कडक तारेची. ती कंपने तर नेतेच, शिवाय इंजिन मागेपुढे झाले की थ्रॉटल आपोआप उघडते-मिटते. तिथे नायलॉनच्या नळीतली लवचीक केबल वापरावी. इंधननळी, चोकची तार आणि इग्निशनची केबल यांना थोडी सैल ओढ द्यावी.

तपासण्याची एक पद्धत : इंजिन बंद असताना, प्लग कॅप काढून, स्पिनर हाताने धरून चारही दिशांना ढकलावा. सगळीकडे सारखा मऊ प्रतिकार जाणवला पाहिजे. एखाद्या दिशेला ‘टक’ असे लागले, तर तिथेच धातू किंवा लाकूड टेकते आहे.

सुरू होताना आणि आयडलला इंजिन फार नाचते. हे चुकीचे आहे का?

सुरू होताना आणि बंद होताना दोन-तीन झोके येणे स्वाभाविक आहे, कारण त्या क्षणी इंजिन अनुस्पंदनाच्या पट्ट्यातून जाते. आयडलवर सतत नाचत असेल, तर आयडल दोन-तीनशे फेऱ्यांनी वाढवून पाहावा. तरीही नाचत असेल, तर माउंट हवा त्यापेक्षा कडक आहे. हे ऐकायला उलटे वाटते, पण आयडलची वारंवारता नैसर्गिक वारंवारतेच्या पुरेशी वर नाही, हेच त्याचे कारण असते.

फोर-स्ट्रोक इंजिनात स्फोट दोन फेऱ्यांतून एकदा होत असल्याने हा पट्टा दुप्पट गतीवर येतो. २८ हर्ट्झच्या माउंटवर फोर-स्ट्रोक इंजिन ३,३६० फेऱ्यांच्या आसपास डुलू शकते, त्या गतीवर फार वेळ थांबू नये.

सॉफ्ट माउंटने ताकद कमी होते का?

माउंट योग्य असेल, तर उड्डाणात जाणवण्याइतकी नाही. फारच सैल माउंटवर इंजिन इतके हलते की कार्ब्युरेटरच्या डायफ्रॅमचे काम बिघडते आणि फेऱ्या कमी होतात. हे अंदाजाने ठरवू नये, टॅकोमीटरने आधी व नंतर मोजावे. टॅकोमीटर खरा आहे का हे घरीच कळते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने जुन्या चोकच्या ट्यूबलाइटकडे धरलेला, दोन पात्यांवर ठेवलेला टॅकोमीटर ३,००० दाखवतो. एलईडी दिव्यांवर ही परीक्षा बऱ्याचदा फसते.

थ्रस्ट लाइन, म्हणजे प्रॉपेलरच्या ओढीची दिशा, मात्र पुन्हा पाहावी लागते. उजवीकडे दिलेले दोन-तीन अंश आणि खालचा कल हे इंजिनाचे वजन रबरावर आल्यानंतर मोजावेत, नुसत्या फायरवॉलवर नव्हे. स्पिनर आणि काउल यांच्यात तीन ते पाच मिमी फट ठेवावी. दिसायला ती थोडी खटकते, पण काउल चिरफाळण्यापेक्षा परवडते.

यामुळे विमानाचा आवाज कमी होतो का?

काही प्रमाणात, आणि तोही एका विशिष्ट प्रकारचा. आवाज चार ठिकाणांहून येतो : एक्झॉस्ट, हवा ओढणारा कार्ब्युरेटर, प्रॉपेलरची टोके आणि विमानाची काया. तंबोऱ्याच्या तारेचा स्वतःचा आवाज क्षीण असतो आणि तो भोपळ्यामुळे भरतो, तसेच बाल्सा आणि फिल्मने मढवलेले पोकळ फ्युझलाज इंजिनाची कंपने मोठी करून ऐकवते. सॉफ्ट माउंट फक्त हा शेवटचा आवाज कापतो. एफएआय या जागतिक हवाई क्रीडा महासंघाच्या एफ३ए या कसरतींच्या गटात, जिथे विमान दोन मीटर लांबी-रुंदीच्या आणि पाच किलो वजनाच्या मर्यादेत बसवावे लागते, आवाजावर बंधने आल्यानंतर सॉफ्ट माउंट आणि मोठे मफलर हे नेहमीचे साहित्य झाले.

प्रॉपेलरच्या टोकांचा आवाज कमी करायचा, तर मोठा प्रॉपेलर कमी फेऱ्यांवर चालवावा. १४ इंची प्रॉपेलर १०,००० फेऱ्यांवर असताना टोकाचा वेग सेकंदाला १८६ मीटर असतो, तर १८ इंची प्रॉपेलर ७,००० फेऱ्यांवर १६८ मीटर. फरक लहान वाटला, तरी कानाला तो स्पष्ट कळतो. शहराबाहेर आपण ज्या मोकळ्या रानात उडवतो, तिथे आजूबाजूच्या मळ्यांत माणसे राहतात आणि दावणीला जनावरे असतात. ती बुजू लागली की मैदान हातचे जाते, त्यामुळे हा प्रश्न गौण समजू नये. मैदान निवडताना ओझरचा विमानतळ आणि देवळाली-गांधीनगरचा लष्करी परिसर लक्षात घेऊन डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा हवाई क्षेत्राचा नकाशा पाहणे अर्थातच आवश्यक आहे.

विमानात जायरो किंवा फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे विमान आपोआप स्थिर ठेवणारे उपकरण, आहे. इंजिनाखाली रबर घालावे की कंट्रोलरखाली?

दोन्हीकडे, पण क्रम इंजिनापासून सुरू करावा. कंट्रोलरमधील सूक्ष्म संवेदक कंपनांना प्रत्यक्ष हालचाल समजतात आणि स्थितीचा अंदाज चुकतो. आर्डुपायलट हे कंट्रोलरचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना लॉगमध्ये कंपनांचे आकडे थेट मिळतात. ते ३० मीटर प्रति सेकंद वर्गाच्या खाली असावेत, ६० च्या वर गेले की उंची व स्थान धरण्यात बिघाड जवळजवळ ठरलेला. कंट्रोलर काही ग्रॅमचाच असल्याने त्याच्याखालचा फोम पुरेसा दबत नाही. त्याला लहानशी पितळी पट्टी चिकटवून वजन वाढवले, तर तोच फोम नीट काम करतो. कंट्रोलरला जाणाऱ्या जाड तारा ताणून बांधू नयेत, नाहीतर फोमला वळसा घालून कंपने तारांमधून पोहोचतात.

ट्विन इंजिन किंवा इलेक्ट्रिक मोटर असेल तर?

समोरासमोर सिलिंडर असलेल्या ट्विन इंजिनात दोन पिस्टनांचे जोर एकमेकांना खोडतात आणि किरकोळ डोलणे उरते, त्यामुळे सॉफ्ट माउंटची गरज क्वचितच पडते. इलेक्ट्रिक मोटरला स्फोटाचे झटके नसतात. ती थरथरत असेल, तर प्रॉपेलर, ॲडॅप्टर किंवा वाकलेला शाफ्ट यांपैकी एक दोषी आहे, आणि तो दोष रबराखाली झाकू नये.

कंपने मोबाइलवर मोजता येतात का?

फारशी नाही. मोबाइलमधील संवेदक सेकंदाला बहुधा काहीशे नोंदीच घेतो, आणि नोंदी कंपनांच्या वारंवारतेच्या दुपटीहून जास्त नसतील, तर तो भलतीच वारंवारता दाखवतो. व्हिडिओत प्रॉपेलर केळ्यासारखा वाकलेला दिसतो, तोही कॅमेऱ्याचा दोष असतो. त्यापेक्षा विमान घट्ट बांधून, प्रॉपेलरच्या मागे उभे राहून, गती हळूहळू वाढवत शेपटीचे टोक आणि एलेव्हेटरची मागची कडा पाहावी. कडा ज्या गतीला पुसट दिसू लागते, ती गती टॅकोमीटरवर नोंदवावी. माउंट बदलल्यावर ती पुसट होण्याची गती खाली, आयडलच्याही खाली सरकली, तर काम झाले.

नाशिकच्या हवामानाचा माउंटवर परिणाम होतो का?

होतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे सकाळी हाडे गोठवणारी थंडी असते आणि त्या वेळी रबर कडक झालेले असते. पहिल्या उड्डाणात कंपने जास्त जाणवली, तर इंजिन तापून बुशांपर्यंत ऊब पोहोचेपर्यंत थांबावे, लगेच बुश बदलायला घेऊ नयेत. एप्रिल-मेमध्ये उलटे होते. बंद गाडीत दुपारभर ठेवलेल्या विमानाचे इंजिन रबरावर खाली झुकलेले आढळते. विमान सावलीत आणि शक्यतो नाक वर करून ठेवावे.

नाशिक समुद्रसपाटीपासून साडेपाचशे ते सहाशे मीटर उंचीवर असल्याने हवा पाच-सहा टक्क्यांनी विरळ असते. मुंबईत जुळवलेले इंजिन इथे आणले की थोडे रिच, म्हणजे जास्त इंधनावर चालते, मधूनच स्फोट चुकतो आणि तो चुकलेला स्फोट माउंटवर झटका म्हणून येतो. अशा वेळी नीडल थोडी आत घेतली, तरी अर्धी तक्रार मिटते.

उड्डाणात रबर फाटले तर इंजिन निसटेल का?

माउंटची रचना अशी हवी की ते निसटताच येऊ नये. प्रत्येक बोल्ट दोन्ही प्लेटमधून आरपार गेलेला असावा आणि त्याच्या दोन्ही टोकांना बुशाच्या भोकापेक्षा मोठा पोलादी वॉशर असावा. रबर पूर्ण फाटले, तरी वॉशर प्लेटला अडकून इंजिन धरून ठेवतो. नुसत्या चिकटवलेल्या रबरावर, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेल्या बॉबिन बुशांवर इंजिन टांगू नये. ते मिक्सर आणि पंपांना ठीक, फिरत्या प्रॉपेलरच्या मागे मात्र नकोत. नट नायलॉक असावेत. थ्रेडलॉकर वापरायचाच असेल, तर तो धातूच्या आट्यांवरच लावावा, काही प्लास्टिक त्याने तडकते.

बुश किती दिवसांनी बदलावेत?

दिवसांपेक्षा अवस्थेवर ठरवावे. बसवताना प्रत्येक बोल्टच्या डोक्यापासून प्लेटपर्यंत रंगाची बारीक रेघ ओढून ठेवावी, ती तुटलेली दिसली की बोल्ट फिरला आहे. दर उड्डाणदिवसाअखेर तेल पुसून, बुशाच्या धातूलगतच्या कडेला नखाने हलके उचकटून पाहावे. तिथे केसाएवढी भेग दिसली, रबर चकचकीत व चिकट झाले किंवा स्पिनर काउलच्या तुलनेत दीड-दोन मिमी खाली आलेला दिसला, तर चारही बुश एकदम बदलावेत. एकच नवा आणि तीन जुने असे मिश्रण केले, तर इंजिन एका बाजूला कलते आणि नवा बुशही लवकर जातो. जास्तीचे चार बुश काळ्या पिशवीत, उन्हापासून आणि इंधनापासून दूर, खोक्यात ठेवलेले असावेत.